आधी आलेली आजी

पौषात माझी रजा संपत आली होती. भिवरामावशी दारात येऊन म्हणाली, "अर्जुना, बीडला चाललास तर मला बी गाडीत घे. मनकर्णाची लेकरं बघून येते."

मी तेव्हा निजामाच्या मोजणी खात्यात होतो. साखळी ओढायची, बांध पाहायचे, नकाशा करायचा, एवढंच काम. आमचं गाव माजलगावच्या जवळ, सिंदफणेच्या काठी. मावशीची एकुलती मुलगी मनकर्णा दिली होती पार बालाघाटावर, पालीच्या वरच्या अंगाला एका वस्तीत. मानमोडीच्या साथीत ती गेली. मागं दोन लेकरं राहिली. थोरली कडू, आधीची मुलं जगली नाहीत म्हणून तिचं नाव तसं ठेवलेलं. धाकटा सुग्रीव तेव्हा पाळण्यात होता. जावयानं, रामकिसननं, पुढं दुसरं लग्न केलं. इकडं मावशीचा नवरा अंथरुणाला खिळला, मग वारला, मग दुष्काळाचं साल आलं. लेकरांना पाहायला जायचं राहूनच गेलं.

गाडीत तिनं तिळाचे लाडू घेतले होते, कडूसाठी परकर-पोलकं आणि सुग्रीवसाठी बंडी. बाहेर शाळवाची ज्वारी पोटरीतून सुटून दाण्यावर आली होती. सकाळी गारठा असा, की बैलांच्या नाकातून वाफ निघायची. मावशी घोंगडं पांघरून बसायची आणि अधूनमधून तेच विचारायची.

"वळखतील का रे मला?"

"कशी ओळखतील, मावशी? सुग्रीवला तर काहीच आठवत नसणार."

"तोंडावळा तरी दिसंल की. मनकर्णा माझ्याच तोंडाची हुती." मग पुढचा ओढा ओलांडला, की पुन्हा, "न्हाई वळखलं तर काय करू?"

बीडला मुक्काम करून आम्ही पालीच्या वाटेनं निघालो आणि घाट चढून दुपारी वस्तीवर पोचलो. चार-पाच धाब्याची, मातीच्या सपाट छताची घरं, मागं सीताफळीच्या जाळ्या, पुढं उतारावर शाळवाचं रान. दोन लेकरं अंगणात काचा-कवड्या खेळत होती. गाडी थांबली तसं पोरीनं वर पाहिलं. मुलं परक्या माणसाला पाहून लाजतात, आडोशाला पळतात. ही उठली, सरळ गाडीपाशी आली आणि मावशीचं बोट धरून म्हणाली, "आज गाडीत बसून आलीस व्हय?"

मावशीचे डोळे भरून आले. माझ्याकडे वळून ती म्हणाली, "बघ! वळखलं का न्हाई?"

मला बरं वाटलं. पोरीनं 'आज' का म्हटलं, हे मनात आलं, पण मी ते सोडून दिलं.

रामकिसनची दुसरी बायको रतनबाई बाहेर आली. सवतीची आई म्हणजे आपलीच आई, या रीतीनं तिनं पदर पसरून पाया पडायला सुरुवात केली आणि मावशीचं तोंड पाहून मध्येच थबकली. मग पाया पडली. आत नेलं, हातपाय धुवायला पाणी दिलं. जेवायला भाकरी आणि पिठलं वाढलं. मावशी नेहमीप्रमाणे विचारायला लागली, "बाई, यात लसूण..."

"न्हाई घातला, आई. तुमी खात न्हाई ना."

मनकर्णा गेल्यापासून मावशीनं लसूण सोडला होता.

"तुला कुनी सांगितलं?"

रतनबाईनं भाकरी उलथली. "लेकरं म्हनली," ती म्हणाली, आणि तव्यावर दुसरी भाकरी टाकली.

दुपारभर लेकरं मावशीला चिकटून होती. मावशीनं कडूची वेणी घालायला घेतली. मावशीची वेणी आमच्या गावात सगळ्यांना माहीत होती: तीन पेडांची नाही, चार पेडांची, तिच्या आईकडून आलेली. तिनं आधीची वेणी सोडायला हात घातला आणि तिचा हात थांबला. कडूच्या डोक्यावरची वेणी चार पेडांची होती.

"ही कुनी घातली गं?"

कडू हसली. तिला वाटलं, आजी थट्टा करते.

सुग्रीव मावशीच्या मांडीवर बसला होता. तिचा तळवा त्यानं आपल्या गालाला लावला, पुन्हा काढून पाहिला आणि विचारलं, "आजी, आज तुझा हात गरम कसा काय हाय?"

संध्याकाळी रामकिसन रानातून आला. आम्ही दोघं ओट्यावर बसलो. तो कमी बोलणारा माणूस. तंबाखू मळता मळता त्यानं विचारलं.

"मावशीबाई याच्याआदी कवा आल्या नव्हत्या ना हितं?"

"नाही. का?"

"दिवाळीपासून लेकरं म्हनत्यात, रानात आजी येती. दुपारच्याला. रान राखायला बसली, की बोरीखाली येऊन बसती, म्हनं. मी म्हनलं, खेळत असतील. आईबिगर लेकरं."

"मग?"

"मग हिनं पाहिलं." त्यानं घराकडं मान केली. "भाकरी घेऊन गेलती. लांबून दिसलं, एक म्हातारी बाई पोरीची येनी घालती. हिनं हाक मारली. जवळ जाऊस्तोवर कुनीच न्हाई. पोरगी एकलीच. पन येनी घातलेली."

मी म्हटलं, वस्तीवरची कुणी असेल. शेजारच्या वाडीची एखादी वेडसर म्हातारी असेल. मोजणीच्या कामात मी डोंगरात एकट्या हिंडणाऱ्या बायका पुष्कळ पाहिल्या होत्या.

"आमी बी तेच म्हनत हुतो," रामकिसन म्हणाला. "आज हिनं मावशीबाईंचं तोंड बघेपातूर."

मागं हालचाल झाली. मावशी उंबऱ्यात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, ती घाबरेल. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. राग होता, आणि दुःखही.

"माझ्या लेकरांच्या डोक्याला हात लावनारी कोन ती?" ती म्हणाली. "मी तिकडं झुरत बसले, आन् हितं माझ्या जागी दुसरीच?"

दुसऱ्या दिवशी तिनं लाडू दिले. लेकरांनी खाल्ले. कडू म्हणाली, "आजी, तू नेहमी देतीस त्येच्यावानी न्हाईत हे." मावशीनं डबा झाकला आणि तो कोनाड्यात ठेवून दिला. जेवण झाल्यावर ती म्हणाली, "चला रं, पाखरं राखायला. आज मी येते."

मीही निघालो. तिनं मला बांधावरच थांबायला सांगितलं. "तुला पाहून यायची न्हाई ती," म्हणाली, जणू एखाद्या भांडखोर शेजारणीबद्दल बोलत होती.

रानाच्या कडेला राखणीचा माळा होता. मी त्यावर चढलो. तिथून सगळं रान दिसत होतं. वारा पडला होता. शाळू माणसाच्या डोक्यापेक्षा उंच, कणसं पांढरट, सगळी एका जागी स्थिर. ऊन होतं, पण त्याला ऊब नव्हती. बोरीखाली मावशी कडूला जवळ घेऊन बसली होती. सुग्रीव गोफण घेऊन पिकाच्या कडेला उभा होता.

बराच वेळ काही झालं नाही. पाखरं शाळवावर उतरत होती आणि सुग्रीव हुर्र करत होता.

मग तो ओरडायचा थांबला. पिकाकडे तोंड करून काहीतरी बोलायला लागला. शब्द माझ्यापर्यंत आले नाहीत. तो वर पाहून बोलत होता, जसं लेकरू उभ्या माणसाशी बोलतं.

"सुग्रीवा!" मावशीनं हाक मारली. "हिकडं ये, बाळा."

पोरानं वळून तिच्याकडे पाहिलं. मग पुन्हा शाळवाकडे वळला. या वेळी त्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"ती बलावती. जाऊ का?"

मावशी उठली. तिनं पदर खोचला, पोराला मागं सारलं आणि शाळवात शिरली.

मला ती दिसेनाशी झाली. पण ती जात होती तिथली कणसं हलत होती. हलत्या कणसांची एक रेघ रानाच्या मध्याकडे सरकत गेली.

आणि मध्यातून दुसरी रेघ तिच्याकडे येत होती.

तीही सावकाश. म्हाताऱ्या माणसाच्या चालीनं.

दोन्ही रेघा एका जागी आल्या आणि थांबल्या. कणसं स्थिर झाली. मी हाक मारली.

मग एकच रेघ परत फिरली.

मावशी बोरीपाशी बाहेर आली. लुगड्याला शाळवाची पानं चिकटली होती. तिनं ती झटकली, सुग्रीवला कडेवर घेतलं, कडूचा हात धरला आणि घराकडे चालू लागली. मी माळ्यावरून उतरून तिच्यासमोर आलो.

"कोण होतं, मावशी?"

"चल," ती म्हणाली. "लेकरांला भूक लागली असंल."

ती गेल्यावर मी रानात शिरलो. मावशीची वाट सरळ सापडली. शाळवाची ताटं दोन्ही अंगाला कललेली. जिथं ती थांबली, तिथली माती दोन माणसं समोरासमोर उभी राहावीत तशी दबली होती. तिथून पलीकडे दुसरी वाट गेली होती. मी त्या वाटेनं गेलो. थोड्या अंतरावर ती संपली. पुढं ताटं सरळ उभी होती. मी चारही बाजूंनी पाहिलं. त्या जागी बाहेरून यायला वाट नव्हती, आणि तिथून जायलाही नव्हती.

माझ्या रजेचे उरलेले दिवस आम्ही तिथंच राहिलो. रानातलं काही पुन्हा कानावर आलं नाही. मावशीचा राग गेला होता. कडूला तिनं ओव्या शिकवल्या, सुग्रीवला बंडी घातली, रतनबाईला जवळ बसवून दोघांच्या खोडी-सवयी सांगितल्या. निघताना लेकरं रडली नाहीत. तेवढं तिला लागलं असावं. घाट उतरताना खाली पालीची झाडी दिसायला लागली तेव्हा ती म्हणाली, "मी भांडायलाच गेलते रे."

"मग?"

"तिला माझ्यापरीस जास्त माया हाय. मी काय, कवातरी येनार. ती रोज येती." तिनं डोळे पुसले. "मी म्हनलं, ध्यान ठिव लेकरांकडं."

"कोण होती ती? कशी दिसत होती?"

मावशीनं घोंगडं डोक्यावरून ओढून घेतलं.

आषाढात ती तापानं गेली. मला बीडला निरोप आला. रामकिसनला कळवायचं काम माझ्याकडंच होतं, म्हणून मी घोडं घेऊन वस्तीवर गेलो. पाऊस उघडला होता. रामकिसन आणि रतनबाई पेरणीला गेली होती. घरी दोघं लेकरंच, ओट्यावर बसलेली. मी त्यांना जवळ घेतलं. लहान मुलांना सांगावं तसं, सावकाश सांगितलं, की तुमची आजी देवाघरी गेली.

सुग्रीवनं बहिणीकडे पाहिलं. दोघांपैकी कुणी रडलं नाही.

कडू उठली. तिनं मागं वळून घरात पाहिलं, दार हलकेच ओढून घेतलं आणि माझ्याजवळ येऊन कुजबुजली.

"मामा, हळू बोला. तिला अजून कुनी सांगितलं न्हाई."