कारणासकट

सोमवारी सकाळी सहा वाजता मैदानाच्या फाटकापाशी एक उंच माणूस सायकल उलटी करून, तिची निघालेली चेन दोन बोटांत धरून उभा होता. चेहरा असा, की काय बिघडलंय ते आता चेनच सांगेल.

"बाजूला व्हा," मी म्हणाले. "चेन नुसती निघाली नाहीये. मागचं चाक सरकलंय."

मी खाली बसले, छोटा वाकडा पाना नेहमीसारखा दातांत धरला आणि चाक सरळ करायला लागले.

"आधी तो पाना तोंडातून काढा."

"ऊं?"

"दातांत लोखंड धरणारी माणसं शेवटी माझ्याकडेच येतात... पण फार उशिरा येतात."

म्हणजे दादाचा नवा मित्र, दातांचा डॉक्टर, तो हा! मी पाना काढला. त्याला चांगलं खरमरीत उत्तर द्यायचं होतं, पण हसूच आलं. सकाळी सहाला मी कुणाकडे बघून हसत नाही. ते दादाने पाहिलं, वहिनीने पाहिलं, आणि माझा आठवडा तिथेच बिघडला.

आठवडा दादाचा. दरवर्षी एकदा घरचे आणि मित्र मिळून दहा-बारा जणांना तो सात दिवस अंथरुणातून उठवतो. एक दिवस सायकल, एक दिवस धावणं. रविवारी सगळे टेकडीवरच्या तलावापाशी जमतात. सायकलवाले वळणावळणाच्या रस्त्याने, धावणारे पायवाटेने. सायकलच्या दिवशी मी हत्यारांची पिशवी घेऊन मैदानात बसते. बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, अकरा वर्षं मी तिथे काम करते. पण दोन वर्षांपूर्वी टेकडीच्या उतारावर, तिसऱ्या वळणाला, मी पडले. खांद्याचं हाड मोडलं. तेव्हापासून मी सायकली दुरुस्त करते, चालवत नाही.

बाबांच्या दुकानात दोन नियम आहेत. बोल्ट पूर्ण आवळला की त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा. ठिपका नाही म्हणजे काम झालेलं नाही. आणि चूक झाली, तर ती गिऱ्हाइकापुढे उभं राहून आपल्या तोंडाने सांगायची, कारणासकट. दादाने एकदा ब्रेकची तार ढिली सोडली, तेव्हा एका निवृत्त मुख्याध्यापकांना त्याला सांगावं लागलं होतं, "सर, मी मॅच बघत होतो." त्यानंतर दादाने बँकेत नोकरी धरली.

मंगळवारी धावताना डॉक्टर माझ्या शेजारी आला. धावणं त्याला अजिबात जमत नव्हतं.

"तुम्ही बोलत... का नाही?"

"धावताना बोलू नये. दम लागतो."

"मला तर लागलाच आहे. मग... बोलायला काय हरकत आहे?"

मी वेग वाढवला. तोही वाढवायला गेला आणि कडेच्या बाकावर जाऊन बसला. पुढच्या फेरीला मी त्याच्याजवळून मुद्दाम हळू गेले. हे कुणाला दिसलं नसावं, अशी माझी समजूत होती.

बुधवारी संध्याकाळी तो दुकानात. "हँडल बोटभर वर घ्या. पाठ दुखते."

शुक्रवारी संध्याकाळी पुन्हा हजर. "बोटभर खाली घ्या. मान दुखते."

"आता यापुढे काय दुखणार आहे?"

"बघू... दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं?"

आतून बाबा खाकरले. मी मान खाली घालून बुधवारचे ठिपके खरवडले, बोल्ट सैल केले, हँडल खाली घेतलं, बोल्ट आधी हलके फिरवून बसवले. आता पान्याने शेवटचे दोन वेढे द्यायचे, की झालं.

"पुन्हा दातांत!" त्याने तळहात पुढे केला. "द्या इकडे."

मी निमूट पाना त्याच्या हातावर ठेवला. बोटांना बोटं लागली... आणि दोघांनीही हात लगेच मागे घेतला नाही.

"रविवारी सायकलने का नाही येत तुम्ही?" त्याने हळूच विचारलं.

दोन वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. घरात सगळे त्या विषयाला वळसा घालून जातात. मी त्याला सगळं सांगितलं, ते वळण, ती खडी, आणि अजूनही सायकलवर पाय टाकला की लगेच खाली उतरते ते. मग बाबांनी शटर अर्धं ओढलं. तो सायकल घेऊन निघाला, आणि मी दिवे बंद होईपर्यंत तिथेच उभी होते.

रविवारी मी हत्यारांची पिशवी कमरेला बांधून पायवाटेने वर पोचले तेव्हा तो निघायच्या तयारीत होता. दहा वाजता एका आजींना कवळी बसवून द्यायची होती म्हणे.

"येताय? वहिनींची सायकल आहे की." त्याने उताराकडे बोट दाखवलं. "मी हळू चालवेन. अगदी रांगत जाऊ."

मी मान हलवली. नाही. तो 'बरं' म्हणाला आणि गेला. मला माझाच राग आला.

दोन मिनिटांनी वहिनीने आपला फोन पुढे केला. "बघ गं, तुझे डॉक्टर फोटोत कसे दिसतायत."

'तुझे' या शब्दावर मी भांडणारच होते. पण नजर फोटोतल्या हँडलवर गेली. मी फोटो मोठा केला. वहिनी खुदकन हसली.

"तोंड वर आहे त्यांचं. खाली काय बघतेस?"

दोन बोल्ट. दोन्ही कोरे. ठिपका नाही.

शुक्रवारचं सगळं आठवलं. पाना त्याच्या हातावर ठेवला होता... आणि परत घेतलाच नव्हता. शनिवारी धावायचं होतं, सायकल जागची हलली नव्हती. आज चढावर तेवढं बसवलेलं टिकलं. उतारावर जोरात ब्रेक दाबला, की हँडल एकीकडे आणि चाक दुसरीकडे. तिसऱ्या वळणाला कठडा गुडघ्याएवढा आहे. मला माहीत आहे, मी त्याच कठड्यावर आदळले होते.

"फोन लावा त्यांना! लवकर!"

त्याचा फोन वहिनीच्याच पिशवीत वाजला. त्यावरही फोटो काढून घ्यायला त्याने तो दिलेला, न्यायचा राहिला.

मी वहिनीची सायकल ओढली. दादा ओरडला, "अगं तू...?" पुढचं ऐकू आलं नाही.

पहिलं वळण. दोन्ही ब्रेक मी मुठीत घट्ट धरले. मागे फिर, असं सगळं अंग सांगत होतं. दुसरं वळण. खडी चाकाखाली करकरली, आणि खांद्यात जुनी कळ उठली. मी डोळे मिटले नाहीत. मिटले असते तर तो दिसला नसता.

तो दिसला. खरंच रांगत चालला होता, पाय मोकळे सोडून. पुढे पन्नास पावलांवर ते वळण.

"थांब!" मी ओरडले. "ब्रेक हळू... हळू दाब! हँडल ढिलं आहे!"

त्याने मागे पाहिलं, ब्रेक दाबला, आणि हँडल फिरलं. चाक सरळच राहिलं. सायकल कडेच्या गवतात घुसली आणि तो तिच्यासकट आडवा झाला.

मी कशी थांबले, ते मला आजही सांगता येणार नाही.

"लागलं?"

"कोपर खरचटलंय." त्याने दातांवरून जीभ फिरवली. "बाकी बत्तीसच्या बत्तीस शाबूत."

मला हसू आलं नाही. मी त्याच्यासमोर ताठ उभी राहिले, गिऱ्हाइकापुढे उभं राहतात तशी.

"चूक माझी आहे. शुक्रवारी मी बोल्ट पूर्ण आवळले नाहीत. आत्ता त्या वळणावर तुम्ही..." मी नुसतं तिकडे बोट दाखवलं.

त्याने वळणाकडे पाहिलं. पलीकडची दरी पाहिली. त्याचा चेहरा उतरला. हा माणूस आता आमच्या दुकानाची पायरी चढणार नाही, असं मला वाटलं, आणि त्याचं काही चुकलंही नसतं.

"आणि कारण?" त्याने विचारलं.

दादाने मॅचची गोष्ट सांगितलेली दिसत होती!

पळून जायला उतार समोर होता. तो मी नुकताच अर्धा उतरले होते, मग आता कशाला भ्यायचं?

"मी... तुमच्याकडे बघत होते. अकरा वर्षांत एक बोल्ट विसरले नव्हते मी. तुम्ही पाना मागितलात, सायकलने का येत नाही ते विचारलंत, आणि मी बाकी सगळं विसरले. मला तुम्ही आवडता. सोमवारपासून. हे कारण."

वरून दादाच्या हाका ऐकू येत होत्या. डॉक्टरने खिशात हात घातला आणि काहीतरी माझ्यापुढे धरलं. माझा पाना.

"शुक्रवारी हा मी खिशात टाकून नेला," तो म्हणाला. "मुद्दाम. आठवडा आज संपतोय. उद्या हा परत करायला दुकानात येता आलं असतं. दुखायला आता काही उरलं नव्हतं ना..." त्याने मान खाली घातली. "चूक माझीपण आहे. कारणासकट."

मी पाना घेतला आणि सायकलपाशी बसले. हँडल सरळ केलं, पाना दातांत धरून दोन्ही हातांनी पक्कं दाबलं. तो चकार शब्द बोलला नाही. दोन्ही बोल्ट मी पूर्ण आवळले, पाना पुन्हा दातांत धरला आणि पिशवीतून लाल बाटली काढली. तरी तो गप्प. नजर मात्र माझ्या हातांवरून हलली नाही. एक ठिपका. दुसरा.

"झालं काम?" त्याने विचारलं.

मी मान डोलावली.

"मग आता काढ तो तोंडातून," तो म्हणाला. "मला काही विचारायचंय, आणि उत्तर नीट ऐकू यायला हवं."