डोणीखालची जागा

हे सगळं मला जसंच्या तसं आठवतं का, याची मला खात्री नाही. आयुष्यभर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं, मोजमापात चूक कुठून शिरते ते मुलांना दाखवलं. पण स्वतःच्या आठवणीत किती चूक शिरली आहे, हे मला सांगता येत नाही. मंगलला विचारलं तर ती म्हणते, "तुम्हाला तसं वाटलं असेल." वाटलंही असेल. त्या दिवसांत आम्ही दोघंही फार दमलेलो होतो.

बेळगावात खासबागेत आम्ही एका विणकराचं जुनं घर घेतलं होतं. गल्लीत दोन्ही बाजूंना यंत्रमाग. सकाळी खडखडाट सुरू झाला की तो जेवणाच्या वेळेपर्यंत अंगात भिनून जाई आणि मग ऐकूच येत नसे. मंगलचे दोन्ही गुडघे तेव्हा नुकतेच बदलले होते. उभं राहून स्वयंपाक करणं तिला जमत नव्हतं. आमची मुलगी रचना पुण्याहून रोज फोन करायची, "आई, इकडेच या आता कायमचे." मंगल फोन ठेवून भिंतीकडे बघत बसायची. एकदा म्हणाली, "लेकीच्या घरात मी पाहुणी. मला माझं स्वयंपाकघर पाहिजे. बसून करता आलं तर मी कुठं जायची नाही."

म्हणून मी तिला बसून काम करता येईल असा ओटा करायचं ठरवलं. सुताराला दोनदा बोलावलं. तो आला, मापं घेऊन गेला, आणि गेला तो गेलाच. शेवटी प्लायवूड आणलं, ड्रिल आणलं, मोबाइलवर बघून बघून कामाला लागलो. मंगल खाटेवरून म्हणाली, "गणपतीचं मखर करताना अंगठा चेचून घेतला होता. आता काय हात काढून ठेवणार?"

"बघशील तू," मी म्हणालो. पण माझी मलाच खात्री नव्हती.

बेत साधा होता. मागच्या भिंतीला दोन बुटकी कपाटं, वर आडवी फळी, आणि दोन्हींच्या मध्ये मोकळी जागा. तिथं खुर्ची सरकवायची, पाय आत घालायचे, आणि बसून भाजी चिरायची, पोळ्या लाटायच्या. अडचण एकच होती. नेमकी तिथंच पाण्याची एक दगडी डोण होती, घराबरोबर आलेली. दोन हमाल लावून ती परसात नेली. तिच्याखालची शहाबादी फरशी बाकीच्या फरश्यांहून नवी होती, इतकंच काय ते मला दिसलं.

कपाटं उभी राहिली, फळी बसली. मग फळी सपाट बसली का ते बघायला वर पाणसळ ठेवली. पाणसळीतला बुडबुडा मध्ये आला, डावीकडे गेला, पुन्हा मध्ये येऊन उजवीकडे गेला. मी स्क्रू आवळले, पायाखाली पाचर मारली. बुडबुडा संथपणे डावीकडे... उजवीकडे... यंत्रमागांचा हादरा, मी स्वतःला म्हणालो. हे अगदी शास्त्राला धरून होतं.

तेवढ्यात करंट गेला. सगळी गल्ली एकदम गप्प झाली. खासबागेत करंट जातो तेव्हा कानात कुणी कापूस कोंबल्यासारखं होतं. मी पाणसळीकडे पाहिलं. बुडबुडा डावीकडे जात होता.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या अंबूबाई मागच्या दाराने आत आल्या. त्यांची उभी हयात मागावर गेलेली.

"पेन्शन बंद झाली काय सर? सुतारकी धरलासा?" म्हणत त्या हसल्या. मग त्यांची नजर खाली गेली. "अगं बया! डोण कुटं हाय?"

"परसात ठेवली. अडचण व्हायची."

"आनि हितं बसायची जागा केलासा व्हय?"

मंगल म्हणाली, "आक्का, माझ्यासाठीच केली. बसून बघा की."

"मी न्हाय बसत बाई." अंबूबाई उभ्याच राहिल्या. मग आवाज खाली आणून बोलल्या. हातमाग खड्ड्याचा असतो. विणकर जमिनीलगत बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि खालच्या पावड्या एकामागून एक दाबत राहतो. या घरातला खड्डा तिथंच होता. यल्लाप्पा नावाचा म्हातारा त्यावर लुगडी विणायचा.

"आमच्या गल्लीत मागावरच्या मानसाला जेवायला हाक मारून उठवायची रीत. वाढून ठेवायचं आनि हाक मारायची. न्हायतर हात लागला की लागलाच, भूक बी कळत न्हाय. यल्लाप्पाची बायको माहेराला गेलती. हाक मारायला कोन? सांजच्याला बघितलं तर बसल्या बसल्याच... गेलता."

"अरेरे," मी म्हणालो.

"पाय थांबलं नव्हतं म्हनत्यात." त्यांनी पदर तोंडाशी धरला. "मी न्हाय बघितलं बाबा. लोकं कायबी बोलत्यात. खड्डा बुजवला, वर डोण ठेवली, की कुनी बसाय नगो. तुमी शिकल्याली मानसं, तुमाला काय हुतंय? जातो मी. भात लागंल."

मी हसलो की नाही, आठवत नाही. मंगल मात्र हसली, आणि त्याच दुपारी खुर्ची सरकवून तिथं बसली. तिने झुणका केला. किती महिन्यांनी घरात तिच्या हातची फोडणी बसली होती! मला भरून आलं. फोनवर ती रचनाला म्हणाली, "आता पुण्याचं नाव काढू नकोस."

सुरुवातीचे दिवस चांगले गेले. मग ती जास्त वेळ बसू लागली. भाजी चिरून झाली की तांदूळ निवडायची, तांदूळ झाले की लसूण सोलायची. हाक मारली तर म्हणायची, "एवढं झालं की उठते." चेहरा उतरत चालला होता. तिन्हीसांजेला खाटेवर पडली की पोटऱ्या चेपून घ्यायची. मी चेपायचो. गाडीला जुंपलेल्या बैलाच्या असाव्यात तशा घट्ट लागायच्या त्या.

"दिवसभर बसूनच तर असतेस," मी म्हणायचो.

"तेच कळत नाही बघा. लांब चालून आल्यागत वाटतं."

मी डॉक्टरांच्या कागदांवरचे व्यायाम वाचून काढले, तिचं मीठ कमी केलं, खुर्चीवर उशी ठेवली. रात्री पडल्या पडल्या वाटायचं, फळीची उंची चुकली असेल. माझंच काहीतरी चुकलं असेल.

मग एका दुपारी करंट गेला. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो. गल्ली गप्प झाली... आणि त्या शांततेत एक आवाज तेवढा उरला. खट्... खट्. यंत्राचा नव्हे. यंत्राला थकवा नसतो. हा आवाज दमलेला होता, मध्ये श्वास घेऊन पुन्हा सुरू होणारा. तो आमच्याच स्वयंपाकघरातून येत होता.

मी दारात जाऊन उभा राहिलो. मंगल पाठमोरी बसली होती. समोर घेवडा. सुरी हातात होती, पण हात थांबलेले. ओल्या मातीचा वास येत होता, आणि सुताला लावायच्या खळीचा, आंबूस.

"मंगल..."

"अं?"

"पाय..."

"काय पायाला?"

मी वाकलो. फळीखाली अंधार होता. तिचे पाय चालत होते. डावा खाली, उजवा वर. उजवा खाली... मी तिच्या टाचेखाली हात धरायला गेलो. तिथं फरशी असायला हवी होती. मी ती स्वतः पुसून घेतली होती. पण तिच्या टाचेबरोबर माझा हात खाली गेला, मनगटापर्यंत, गार हवेत.

मी हात ओढून घेतला. हे खरंच घडलं का? मी घाबरलेलो होतो, दुपारची झापड होती, माझं रक्तदाबाचं औषध नवीन होतं. सगळी कारणं मी नंतर मांडून पाहिली आहेत.

"ऊठ मंगल."

"एवढं झालं की..."

खांद्याला धरून ओढलं, तर खुर्चीसकट जमिनीत रुजल्यासारखी जड लागली. तेव्हा अंबूबाईंचं बोलणं आठवलं. मी कधी कुणाला वाढलेलं नाही. मंगलच वाढत आली. ताट घेतलं, भात घातला, आमटी सांडली. ताट जमिनीवर ठेवलं आणि, का कोण जाणे, मोठ्या माणसाला हाक मारावी तसं म्हणालो,

"उठा... जेवायला वाढलंय."

खट् थांबलं. मंगलने लांब श्वास सोडला, खुर्ची मागे सरकवली, आणि फळीला धरून उठली. दोन पावलं आली. "अगंबाई, तुम्ही वाढलंत?" म्हणून हसलीसुद्धा.

तिच्या पाठीमागे खुर्ची आणखी एकदा मागे सरकली. हळू. कुणी म्हातारं माणूस उठताना सरकवतं तशी.

ते ताट आम्ही कुणीच खाल्लं नाही. मी मंगलला धरून अंबूबाईंच्या घरी नेऊन बसवलं. संध्याकाळी हमाल बोलावले, माझी कपाटं उचकटली आणि डोण होती तिथं आणून ठेवली. मंगल एका शब्दानेही विरोध करेना, याचंच मला जास्त वाईट वाटलं. पावसाळा संपायच्या आत ते घर सोडून आम्ही टिळकवाडीत फ्लॅट घेतला. तिथला ओटा बिल्डरने केलेला, उंच. स्वयंपाकाला बाई येते. मंगल हॉलमध्ये बसून तिला सूचना देते, आणि बाई आपल्या मनासारखं करते. खट् असा आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही. ती झोपली की मी कधीकधी पांघरुणाकडे बघत बसतो, पण माझी नजर आता तितकी चांगली राहिलेली नाही.

काही वर्षांनी मंगलचे गुडघे पुन्हा दुखू लागले. आम्ही कोल्हापुरात एका सर्जनना दाखवलं. त्यांना गुडघे उघडावे लागले. ऑपरेशननंतर त्यांनी मला आत बोलावलं. धातूच्या दोन भागांमध्ये प्लास्टिकची एक चकती बसवलेली असते. काढलेल्या दोन्ही चकत्या त्यांच्यासमोर होत्या. जपून वापरल्या तर त्या वीस-पंचवीस वर्षं टिकतात, ते म्हणाले. या आरपार झिजल्या होत्या, दोन्ही सारख्याच, आणि खोलवर एकाच दिशेने खाच पडलेली. मी पहिल्या ऑपरेशनचे कागद दाखवले. त्यांनी तारीख पाहिली, चकत्यांवरचा क्रमांक ताडून पाहिला. चूक नव्हती.

"एक विचारू का?" ते म्हणाले. "बाई पायाचं शिलाई मशीन चालवतात का? दिवसभर?"

मी नाही म्हणालो. आमच्या घरात शिलाई मशीन कधीच नव्हतं.

त्यांनी एक चकती उचलून उजेडात धरली. "कारण ही झीज जुनी नाही," ते म्हणाले. "या कडा ताज्या आहेत. अगदी गेल्या महिन्यापर्यंतच्या."