आवाज जरा वेगळा येतोय

वादळात विजेचे खांब आडवे झाले आणि माळ्यावर, जिन्याखाली धूळ खात पडलेले जनरेटर लोकांना एकदम आठवले. ते दुरुस्त करणारी जवळपास एकच होती. वडील तिला भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी कधी टिकलीच नाही. जेवतानासुद्धा तिचा एक पाय हलत असायचा. वडिलांच्या कमरेने दगा दिल्यापासून त्यांचं दुरुस्तीचं दुकान तीच बघत होती. त्या सकाळी स्कूटरला हत्यारांची पिशवी अडकवून ती या घरून त्या घरी पळत होती.

एका वळणावर दोरी ओढल्याचा आवाज आला. घर्र... फुस्स. पुन्हा घर्र... फुस्स. तिला थांबायला वेळ नव्हता, पण तो आवाज मागे टाकून जाणं तिला जमेना.

कुंपणाआड एक तरुण घामाघूम होऊन जनरेटरशी झटापट करत होता. कोंबडीची पिल्लं विकण्याचा त्याचा धंदा होता. मागच्या बसक्या खोलीत अंडी उबवायची मोठी पेटी होती, आणि ती गार पडत चालली होती.

"पेट्रोल कधीचं आहे?" तिने विचारलं.

तो दचकला. "मागच्या वर्षीचं... असेल."

"मग त्याला पेट्रोल म्हणू नका."

तिने टाकी रिकामी केली, कार्ब्युरेटर उघडून आतला चिकटा पुसला, ताजं पेट्रोल ओतलं, चोक ओढला आणि दोरीला हिसका दिला. यंत्र धडधडायला लागलं. तो आत पळाला आणि एक अंडं घेऊन परत आला. न विचारताच ते त्याने तिच्या कानाशी धरलं. आत कुणीतरी टोकरत होतं... अगदी हलकेच. त्याची बोटं तिच्या केसांना लागली आणि तिच्या लक्षात आलं, आपण कधीपासून हललेलोच नाही.

निघताना फोन नंबर देऊन तिने बजावलं, कितीही पाऊस येऊ दे, यंत्र आत घ्यायचं नाही. त्याच्या धुरातलं विष दिसत नाही आणि नाकालाही कळत नाही. त्याने लगेच मान डोलावली. जरा जास्तच लगेच, असं तिला वाटलं.

दुपारी पाऊस कोसळला आणि त्याचा फोन आला. यंत्र बंद पडलंय, म्हणाला. शब्द जड, अडखळत येत होते. हातातलं काम तसंच टाकून ती निघाली.

यंत्र खोलीच्या दारात, उतरत्या फरशीवर होतं आणि तो भिंतीला टेकून डोकं धरून बसला होता. तिने त्याला दंडाला धरून ओढत पावसात आणलं. भिजू नये म्हणून आत घेतलं, तो पुटपुटला.

"तिरकं ठेवलंत म्हणून वाचलात," ती म्हणाली. "तिरकं असलं की आतलं तेल एका बाजूला जातं, आणि तेल कमी वाटलं की हे आपोआप बंद होतं. सरळ ठेवलं असतंत ना, तर..."

तिने त्याला स्कूटरवर मागे बसवून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी प्राणवायू लावून त्याला ठेवून घेतलं. तो मात्र अंड्यांचंच विचारत राहिला. शेवटी ती परत गेली. दारं-खिडक्या सताड उघडून खोली मोकळी केली, यंत्र लांब अंगणात सपाट विटांवर ठेवलं, वर पत्र्याचा आडोसा केला आणि सुरू करून राखण करत बसली. चार ठिकाणांहून फोन आले; उद्या येते, तिने सांगितलं. दर थोड्या वेळाने उठून ती पेटीची काच पुसायची, पुन्हा बसायची, पुन्हा उठायची. ही धास्ती अंड्यांची नव्हती, हे तिला कळत होतं.

तो बरा होऊन घरी आला, पिल्लं बाहेर आली, पण वीज काही आली नाही. मग त्याचे फोन सुरू झाले. आवाज जरा वेगळा येतोय... जरा कापतोय... ती म्हणायची, फोन यंत्राजवळ धरा. ऐकायची. आवाज अगदी नीट असायचा. तरी ती जायची, एखादा स्क्रू उगाच आवळायची आणि घरी येऊन फोनभोवती घुटमळायची. वडील म्हणाले, बाई गं, त्या यंत्राचं एकदा काय ते कर, माझी झोप उडाली.

एका संध्याकाळी ती पोचली आणि खोलीतला दिवा लागला. वीज आली होती. त्याने जनरेटर बंद केला. इतक्या दिवसांची धडधड थांबली आणि पिल्लांचा चिवचिवाट केवढा मोठा वाटला. दोघंही हात बांधून उभे राहिले.

"आता बोलवायला काही निमित्तच नाही उरलं," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

"आवाजात कधी बिघाड नव्हताच," ती म्हणाली. "उगाच बोलवत होतास."

शब्द तोंडातून गेला आणि ती थबकली. इतके दिवस ती त्याला तुम्ही म्हणत होती. त्याने मान वर केली.

"आणि तुला ते माहीत होतं?"

"आवाज वेगळा येतोय म्हणालास, त्या पहिल्या फोनपासून."

"तरी येत होतीस..."

"तरी येत होते," ती म्हणाली. पिशवी खांद्यावरून उतरवून तिने खाली ठेवली आणि तिथेच पायरीवर, त्याला शेजारी जागा सोडून, बसली.