गंजाखालची नावं

सुलेखा सबनीस भीतीला भीक घालणारी बाई नव्हती. हार्बरफ्रंटच्या शिपिंग ऑफिसात तिने वीस वर्षं भल्याभल्या कप्तानांना सुतासारखं सरळ केलं होतं. पन्नाशीत तिला जपानी तलवारी ओळखायला शिकायचा नाद लागला, तेव्हा नवऱ्याने, निशिकांतने, "अगं, लोक या वयात योगा करतात," असं म्हणून पाहिलं. ती ऐकणार थोडीच!

शिकवणारे होते अंकल ओंग. ऐंशीचे, पुलाउ उबीन बेटावरच्या जुन्या लाकडी घरात एकटे राहणारे. दर शनिवारी बमबोट या लहान मोटरबोटीने ती त्यांच्याकडे जायची.

"पातं नंतर बघ," ते म्हणायचे. "आधी मूठ काढ."

मुठीतली बांबूची खुंटी ठोकून काढली की मूठ सरकायची आणि आत दडलेलं पात्याचं शेपूट बाहेर यायचं. काळपट तपकिरी, गंजलेलं.

"पोलादाला पाणी दिल्याची रेघ ॲसिडने काढता येते. सहीसुद्धा खोटी कोरता येते. पण असा गंज खोटा करणं अवघड, लाह. हा गंज म्हणजे तलवारीचं वय. त्याला हात लावायचा नाही, कधीच नाही. हा पहिला धडा."

२०१४ च्या नवरात्रात त्यांनी परवान्याच्या कागदांसह एक तलवार तिला आठवडाभर घरी दिली. "युद्धातली आहे. वडिलांनी ठेवलेली. पातं कारखान्यातलं की जुनं, ते तू सांग."

सुलेखाने पहिला धडा वहीत लिहिला, दोनदा अधोरेखित केला. नवऱ्याला मात्र सांगितला नाही. चूक झाली ती एवढीच.

खंडेनवमीला ती ऑफिसला गेली. निशिकांतने पूजेसाठी रजा काढली होती. सुरी, कात्री, लॅपटॉप असं सगळं त्याने पाटावर मांडलं. मग घरात खरीखुरी तलवार असताना ती देवीपुढे नको का? त्याने मूठ काढली आणि शेपूट पाहून त्याचा जीव हळहळला. देवापुढे ठेवायचं ते असं गंजकं? आईने तांब्याची भांडी घासायला शिकवलं होतं, तशी त्याने चिंच-मीठ घेतलं आणि दुपारभर घासलं.

चार वाजता सुलेखा आली तेव्हा पावसाने आभाळ काळं केलं होतं. उदबत्तीच्या वासाखाली दुसरा वास होता, नाकातून रक्त आल्यावर येतो तसा.

"बघ, कशी लखलखतेय!" निशिकांत म्हणाला.

तिने कपाळावर हात मारला. आणि मग तिला अक्षरं दिसली. गंजाखाली चिनी अक्षरांच्या ओळी कोरलेल्या होत्या. तिने फोटो काढून अंकल ओंगना पाठवला. फोन लगेच आला.

"सुलेखा... ही सही नाही. ही माणसांची नावं आहेत. चौथं माझ्या थोरल्या काकांचं. बेचाळीस साली जपानी सैनिकांनी त्यांना घरातून नेलं..." फोटो खाली सरकवत ते पुढे म्हणाले, "खालचं शेवटचं मला वाचता येत नाही. ती आमची अक्षरं नाहीत."

तिने दिव्याखाली धरून पाहिलं. ताज्या, धारदार कडांची देवनागरी अक्षरं. 'निशि', तिने फोनवर वाचून दाखवलं.

टक्. टक्. टक्. बारीक छिन्नीचे ठोके. ती आणि निशिकांत श्वास रोखून बघत राहिले, आणि पुढे 'कां' उमटला.

निशिकांतची पाचावर धारण बसली. "अगं... परत देऊन टाक."

"उपयोग नाही," फोनवरून म्हातारा पुटपुटला. "वडील सांगायचे, मी खरं मानलं नव्हतं. गंज होता तोवर ती झाकलेली होती. आता ती कुठेही असली, तरी नाव याचंच. पुरं झालं की..."

सुलेखाला भीती वाटली, नाही कशी वाटणार? पण भीतीच्या आधी संताप आला. "माझ्या घरात बसून माझ्या नवऱ्याचं नाव लिहिणारी तू कोण गं?" तिने चिंच अंगठ्यावर घेतली आणि घासायला लागली. अंगठा सोलला, पण अक्षरं काजळीसारखी निघाली. "लिही तू. मी पुसते."

अंकल ओंगनी तलवार तिच्याकडेच राहू दिली आणि पाच वर्षं हे चाललं. रोज पहाटे 'नि' हजर असायचा आणि शेवटच्या 'त'च्या आत ती सगळं घासून काढायची. पुण्याला जाणं तिने सोडलं, सख्ख्या भाचीचं लग्न सोडलं. डेंग्यू झाला तेव्हा नोव्हेनाच्या हॉस्पिटलातून स्वतःच्या जबाबदारीवर सही करून ती दुसऱ्याच दिवशी घरी आली. निशिकांतने त्या पात्याला पुन्हा बोट लावलं नाही. तो छान जगला, चार किलोंनी वाढलाही.

मग एक दिवस तिला उठायला उशीर झाला. धावत जाऊन पाहिलं, तर शेपूट लख्ख. एकही अक्षर नाही.

"अहो!"

तो स्वयंपाकघरात उभा होता. बोटं सोललेली, नखांपर्यंत काळी.

"तुम्ही घासलंत? कुठवर आलं होतं?"

"पुरं होत आलं होतं." तो तिच्याकडे बघेना. "नाव माझं नव्हतं, सुलू..."

ती खुर्चीवर बसली. या भित्र्या माणसाचा तिला एवढा अभिमान कधी वाटला नव्हता. मग ती म्हणाली, "म्हणजे दमली ती. माणूस बदलून बघतेय. उद्यापासून पाळ्या लावू. पहाट तुमची, रात्र माझी."

बाहेरच्या खोलीत ठोके सुरू झाले. भर सकाळी, दोघंही स्वयंपाकघरात असताना. एक अक्षर झालं की आवाज क्षणभर थांबायचा, हे आता दोघांनाही ठाऊक होतं. सुलेखाने चिंच उचलली आणि ती उंबऱ्यात उभी राहून मोजू लागली. चार अक्षरं त्याची. तीन तिची. सातव्यानंतर आवाज थांबला.

मग आठवं अक्षर सुरू झालं. पण घरात तर दोघंच होती.