सशाची टाच

तो जिना उलटा उतरत होता आणि मी मोबाईलमध्ये डोकं घालून चढत होते. टक्कर व्हायचीच होती. आधी ओळख झाली ती त्याच्या पाठीशी. चेहरा नंतर दिसला. चांगलं फैलावर घ्यायचं ठरवलं होतं, पण तो चेहरा बघितला आणि... जाऊ दे.

"जिना असा कोण उतरतं?"

"टाच दुखणारा उतरतो. सरळ उतरलो की ब्रह्मांड आठवतं."

"मग वर कशाला गेला होतात?"

"फिजिओथेरपीला. पण नवीन मॅडमचा अजून पत्ता नाही म्हणे!"

नवीन मॅडम म्हणजे मीच. मी निमूटपणे त्याला परत वर नेलं.

तो अडथळ्यांच्या शर्यतीत धावायचा. मित्र त्याला ससा म्हणायचे. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा घुसायचा, थोडं चाललं की बरं वाटायचं. तेवढ्यावर हा बहाद्दर कित्येक महिने धावत राहिला होता. टाचेपासून बोटांपर्यंत जाणारा तळव्याचा पट्टा पार दुखावला होता.

"निवड चाचणी जवळ आलीये," तो म्हणाला. "डॉक्टरांना सांगून एक इंजेक्शन द्या आणि सोडा मला."

"दुखणं गप्प बसेल आणि पट्टा फाटेल. नाही."

"अगदीच नाही?"

"अगदीच नाही."

"बापरे... फौजदार आहात!"

फौजदार तर फौजदार. मी त्याला बर्फाची बाटली पायाखाली फिरवायला लावली. पायरीवर गुंडाळलेल्या टॉवेलवर बोटं टेकवून सावकाश टाच उचलायला शिकवलं. तो दात-ओठ खात करायचा आणि मधेच माझ्याकडे बघून हसायचा. मग मोजणी माझीच चुकायची.

"या टाचेला कॉफी चालते का हो?" एकदा त्याने विचारलं.

"टाचेला चालेल. मला नाही. पेशंटबरोबर मी कॉफी घेत नाही."

बोलले ठसक्यात, पण कान तापले होते. घरी जेवताना आईने विचारलंच, "कुणाची टाच डोक्यात शिरलीये गं एवढी?"

एक दिवस मी अंगठ्याने टाच दाबली. "दुखतंय?"

"छे!" तो म्हणाला. पण पायाची बोटं आकसली होती. तोंडाला खोटं बोलता येतं, बोटांना येत नाही.

"चोरून धावलात ना?"

त्याने पाय मागे ओढून घेतला. "या वयोगटातलं माझं शेवटचं वर्ष आहे... आता नाही तर या गटात परत कधीच नाही. तुम्ही हो म्हणा ना."

मला हो म्हणावंसं वाटलं. खरंच वाटलं. त्याचा पडलेला चेहरा बघवत नव्हता.

"आता धावलात तर ही शर्यत मिळेल आणि पुढच्या सगळ्या जातील," मी म्हणाले. "माझं उत्तर नाहीच."

तो बूट उचलून तडक निघून गेला.

पुढच्या वेळी तो माझ्याकडे आलाच नाही. शेजारच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. बघते तर काय, स्वारी माझ्या वरिष्ठ, मोठ्या मॅडमसमोर बसलेली! तळपायाची आग मस्तकात गेली.

"मी नाही म्हटलं म्हणून इकडे का?" मी दारातूनच ओरडले. "मॅडम, याला धावायची परवानगी देऊ नका. टाच अजिबात बरी नाहीये!"

"परवानगी मागतंय कोण?" मोठ्या मॅडम शांतपणे म्हणाल्या. "काल त्याने चाचणीतून नाव काढून घेतलं."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याचे डोळे लाल होते.

"आमच्या कोच सरांनी झाड झाड झाडलं," तो म्हणाला. "रात्रभर रडलोही. पण मला पुढची सगळी वर्षं धावायचंय. तुमचं पटलं मला."

"मग माझ्याकडे यायला काय झालं होतं?"

"तुमच्याकडे आलो असतो तर... पेशंटच राहिलो असतो ना."

मोठ्या मॅडमना अचानक खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं दिसलं.

"मला तुम्ही आवडता," तो म्हणाला. "टाच बरी व्हायला वेळ लागेल तो लागू दे. हे सांगायला मी थांबणार नाही."

आता माघार घेईन तर मी कसली फौजदार?

"मलाही तू आवडतोस," मी म्हणाले. "पण चोरून धावलास तर याद राख!"

तो उठायला लागला, तशा मोठ्या मॅडम कडाडल्या, "खबरदार! पायाला बर्फ बांधलाय. जागचं हलायचं नाही."

मग मीच आत गेले आणि त्याच्या शेजारी जाऊन बसले.