चाळिसावी कमान

गुरुवार, चार जुलै. संध्याकाळी आठ वाजून चाळीस मिनिटांनी चाळिसावी कमान पुन्हा उशिरा उजळली.

उशीर अर्ध्या सेकंदाहून थोडा कमी होता. पण चौकापासून चर्चच्या पायऱ्यांपर्यंतच्या चाळीसही लाकडी कमानी संगीताच्या ठोक्यावर एकदम पेटायला हव्यात. आमचा उजेड रस्त्यावरून सरपटत गेल्यासारखा दिसत होता.

"शेवटची पेंगतेय," खालून कुणीतरी म्हणालं.

मी शिडीवर होते. खाली एक उंच माणूस उभा होता. एका हातात बदामाच्या दुधातली बर्फाची कॉफी, दुसऱ्या हातात मोठा ढोल वाजवायची, गुबगुबीत टोकाची काठी.

"दिसतंय मला. डोळे आहेत," मी म्हणाले.

"हो... ते मघापासून बघतोय."

मी पाना खाली टाकला. त्याच्यावर नाही, शेजारी. त्यानं तो उचलून शिडीच्या पायरीवर नीट ठेवला आणि नाव सांगितलं — एजिदिओ, उत्सवासाठी डोंगराकडून आलेल्या बँडचा ढोलवाला. मी व्हिता. आमचं घराणं चार पिढ्या लेच्चेजवळच्या या गावाच्या उत्सवाची रोषणाई करतं. बाबांच्या काळी खटके हातानं दाबत. गेल्या वर्षी मी हट्टानं नवी यंत्रणा आणली: दर कमानीमागे एक डबा, एका डब्यातून दुसऱ्यात जाणारी एकच तार. आणि गेल्याच वर्षी उजेड सुरांच्या मागे पडला. समितीच्या अध्यक्षांनी बाबांना सगळ्यांसमोर सांगितलं, "यंदा पुन्हा असं झालं, तर पुढच्या वर्षी दुसरं घराणं."

बाबा मला एक शब्द बोलले नव्हते. तेच जास्त लागलं होतं.

शुक्रवारी दुपारी एजिदिओ पुन्हा आला. या वेळी कॉफीचे दोन पेले होते. गरम वारा सुटला होता. माझ्या मांडीवर चाळिसावा डबा उघडा पडलेला.

"किती वेळा बदललात याला?"

"तीनदा."

"बिचारा. त्याचा गुन्हा काय?"

"उशिरा पेटतो, हा."

"त्याला कळतं कधी?"

मी थांबले. मग एखाद्या मुलाला सांगावं तसं सांगितलं. पहिला डबा निरोप घेतो, आपला दिवा लावतो आणि निरोप दुसऱ्याकडे देतो, दुसरा तिसऱ्याकडे. प्रत्येकाला सेकंदाचा शंभरावा भाग लागतो.

"म्हणजे एकोणचाळीस जणांनी उशीर केला आणि शिव्या याला," तो म्हणाला. "आमच्याकडे पण असंच. मिरवणूक लांबली की मी सगळ्यात मागे. पुढच्या क्लॅरिनेटवाल्यांचा सूर माझ्यापर्यंत यायला वेळ लागतो. तो ऐकून वाजवलं तर मी मागे पडणारच. आमचे मास्तर मला ओरडायचे — एजिदिओ, जेवलास का रे जास्त?"

"मग?"

"मग त्यांनी पुढच्यांना थांबायला शिकवलं. शेवटच्याला घाई नाही करता येत, बाईसाहेब. पहिल्याला थांबता येतं."

मी कॉफीचा पेला खाली ठेवला आणि डब्याच्या झाकणावर पेन्सिलीनं आकडे मांडू लागले.

"चुकलं का काही माझं?"

"गप्प बसा जरा," मी म्हणाले. "...जाऊ नका पण."

तो गेला नाही. मी प्रत्येक डब्याला त्याच्या क्रमांकाप्रमाणे थांबायला सांगितलं: पहिल्यानं सगळ्यात जास्त, दुसऱ्यानं थोडं कमी, चाळिसाव्यानं मुळीच नाही. तो शिडी धरून उभा राहिला आणि आकडे मोठ्यानं वाचत गेला. बाविसाव्याला त्याची बोटं माझ्या घोट्याला लागली. तो तेविसावा आकडा चुकला. मीही.

शनिवारी साडेनऊला मास्तरांचा हात वर गेला. एजिदिओचा ढोल वाजला — आणि चाळीस कमानी एकदम उजळल्या. गर्दीतून "आ..." असा आवाज आला. बाबांनी टोपी काढून छातीशी धरली. वाजवणं संपेपर्यंत ती तिथंच होती. मला यंत्र सोडता येत नव्हतं, त्याला ढोल. मधे चार हजार माणसं. समितीनं त्याच रात्री पुढचं वर्ष आम्हाला दिलं.

रविवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मी बँडच्या मुक्कामी पोचले. बस सहाला गेली होती.

"आभार मानायचे राहिले," मी बाबांना म्हणाले.

"त्या पोराचे ना? माझेही राहिलेत," ते म्हणाले. "नंबर काढ त्याचा."

मास्तरांकडून नंबर मिळाला. मी लिहिलं: 'चाळीसही एकदम. तुमच्यामुळे.'

दुपारी उत्तर आलं: 'ऐकलं सगळ्यांकडून. मी पाहिलं नाही. कमानींकडे पाठ होती माझी.'

ते वाचून मी कमानी उतरवणाऱ्या ट्रकमागे जाऊन रडले. मग हसले. मग लिहिलं, 'दाखवीन.' पुढचे दोन महिने तो गावोगाव वाजवत होता, मी गावोगाव कमानी उभारत होते. आम्ही रोज बोलत होतो आणि एकदाही भेटलो नाही. 'तुम्ही'चं 'तू' ऑगस्टात झालं.

त्याच्या बँडचा शेवटचा उत्सव आठ सप्टेंबरला होता. उत्तरेकडच्या एका नाटकगृहानं त्याला कायमची नोकरी देऊ केली होती. तिकडची गाडी आणि माझ्याकडे येणारी गाडी, दोन्ही दुसऱ्या दिवशी सकाळी एकाच स्थानकावरून सुटणार होत्या.

"ठरवलंस?" मी त्या रात्री फोनवर विचारलं.

"तू सांग ना काय करू."

"मी नाही सांगणार. मी आभार मानते, एवढंच. बाबांची टोपी पाहिली असतीस तर... मी आयुष्यभर मानीन. पण तू त्यासाठी येऊ नकोस."

"मग कशासाठी येऊ?"

"...माझ्यासाठी ये."

पलीकडे ढोलाच्या पेटीचं झाकण लागल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "सकाळी ठरवतो."

आज सोमवार, नऊ सप्टेंबर. बाबांनी आमच्या आवारात चाळीस डबे टांगलेत, प्रत्येकाला एक दिवा. पाहुण्याची खुर्ची कुठे ठेवायची ते त्यांनी तीनदा बदललं. मी लेच्चेच्या स्थानकावर आहे. सकाळपासून त्याचा फोन बंद आहे. त्याच्याकडून येणारी चार वाजून दहाची गाडी चाळीस मिनिटं उशिरा आहे, असं फलकावर आत्ताच आलं. मी थांबलेय; पहिल्याला थांबता येतं.