जम्मूला पोहोचलेल्या विटा

आचलने मोबाइल टेबलावर आदळला. "पाहा आपा! सायकल पाठवली अन् विटा पोहोचल्या!"

खुर्शीदबींनी चष्मा चढवला. अमरावतीत लग्नाआधीच्या चौकशांवर पोट भरणाऱ्या या खासगी गुप्तहेर बाईंकडे विटांची तक्रार पहिल्यांदाच आली होती. त्यांचा मदतनीस नितेश आ वासून राहिला. नितेशची ट्यूब उशिरा पेटते, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होते.

आचल जम्मूहून कन्याकुमारीला एकटी सायकलने निघणार होती. सायकल ट्रान्सपोर्टने आधीच जम्मूला गेली. तिथल्या लॉजवाल्याने आज खोका उघडला, तर आत सहा विटा.

"परवा माही गाडी आहे. तीन वर्षं तयारी केली मी," आचलचा आवाज फाटला. "अकोल्याच्या हसनैननंच सायकल खोलून भरली होती. संध्याकाळी त्याचं नाव पोलिसात देतो मी."

"संध्याकाळपर्यंत थांब," म्हणत खुर्शीदबींनी फोटो मोठा केला. प्रत्येक वीट वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेली होती. खोक्याच्या दोन्ही बाजूंना रुपयाएवढी चार-चार भोकं होती.

"उचलायसाठी असन," नितेश म्हणाला.

"रुपयाएवढ्या भोकात हात जाते का तुहा?"

दुपारी दोघे अकोल्याला हसनैनच्या दुकानात पोहोचले. आपल्यावर आळ आहे हे ऐकताच त्याने मोबाइल काढला.

"अल्लाकसम आपा, बहीण मानतो मी तिले! हा पाहा फोटो. तिच्यासमोरच चिकटपट्टी लावली. त्याच संध्याकाळी ती खोका घरी घेऊन गेली."

फोटोतला खोका धड होता.

"अन् ही भोकं?"

"मी काहून पाडू? पाणी शिरलं तर चेन गंजते ना!"

परतताना नितेशने ट्रान्सपोर्टवाल्याला फोन केला. आचलच्या घरून दुसऱ्या दिवशी दुपारी माल उचलताना टेम्पोवाल्याने दारातच फोटो काढला होता. ट्रान्सपोर्टवाल्याने तो पाठवला; त्यात भोकं होती.

घरी आचल वाट पाहत होती. तिचे वडील खुशालराव, निवृत्त तलाठी, दारातच कडाडले. "मी तं पहिल्या दिवसापासून नाही म्हणून राहिलो! एक पोरगा हायवेनं नेला, आता पोरगी पाठवू?"

बंडू, आचलचा भाऊ, दोन वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून जाताना ट्रकखाली गेला होता.

नितेशने डोळा मारला. सापडला चोर! खुर्शीदबींनी तिकडे लक्षच दिले नाही.

आचलची आई पार्वताबाई बाहेर आली. प्रवासासाठी बांधलेल्या मेथीच्या लाडवांचा डबा तिच्या हातात होता. "बसा नं, दिवानावर बसा. संत्री खा. परवाच शेंदूरजनाघाटून आणली, माह्या माहेरून. पेटी मीच भरली. मी पोरगी होती तवापासून पेट्या भरतो."

नितेश दिवानावर ऐसपैस बसून संत्री सोलू लागला. खुर्शीदबी पुठ्ठ्याच्या पेटीजवळ वाकल्या. मग त्यांनी कपाटावर छतापर्यंत रचलेल्या गोधड्यांकडे पाहिले.

"आचल, पोलिसात जाऊ नको," त्या म्हणाल्या. "खोक्यातला माल या घरातच बदलला."

"काय?" आचल वडिलांकडे वळली. "बाबा?"

"जो तोंडावर नाही म्हणते, त्याले लपून काही कराची गरज नसते. अकोल्याहून निघताना भोकं नव्हती, टेम्पोत चढताना होती. मधला वेळ खोका इथं होता. आता विचार कर, लोखंडाच्या सायकलीले हवा कशाले लागते? हवा लागते फळाले. नाही तं ते सडते. अन् विटेले कागदात कोण गुंडाळते? ज्याच्या हाताले एक-एक फळ गुंडाळून भराची सवय आहे तो. डोकं चोरी करत होतं, हात मात्र संत्री भरून राहिले होते. ही पेटी पाहा. रुपयाएवढी भोकं, दोन्ही बाजूनं चार-चार."

नितेशच्या हातातली फोड तशीच राहिली.

"अन् सायकल?" आचलने विचारले.

"दिवानातल्या गोधड्या कपाटावर काहून गेल्या? ऊठ, नितेश."

नितेश इंगळी डसल्यासारखा उठला. खुर्शीदबींनी दिवानाची फळी उचलली. आत सायकल होती, चाकं काढलेली, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली.

खुशालरावांनी वाकून लुगड्याचे टोक उचलले. आचल आईसमोर जाऊन उभी राहिली. घरात तिच्या बाजूने एकच माणूस होते, ती आई.

"तू तं माह्यासाठी लाडू बांधून राहिली होती, आई. काहून केलं?"

पार्वताबाईने डबा खाली ठेवला. "हसनैनच्या घरी मी जातो. त्याच्या मायपुढं हात जोडतो. अन् तू सायकल घेऊन जा. फकत निघताना मले 'जाऊ का' म्हणून विचारू नको. बंडूनं विचारलं होतं. मी 'जा' म्हटलं."